दूरची लढाई आणि हिंगणघाटचा बाजार

(नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



युद्धाच्या बातम्या वाढू लागल्या की इतिहासाच्या पुस्तकांना अकस्मात गिऱ्हाईक मिळू लागते. एरवी ज्या विषयाला परीक्षेपलीकडे किंमत नसते, त्याच्यापुढे लोक पंचांग उघडून बसावे तसे बसतात आणि पुढे काय होणार ते विचारू लागतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनमध्ये फौजा घातल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासच्या हल्ल्यानंतर गाझा पट्टीवर इस्रायलचे युद्ध कोसळले, तैवानच्या प्रश्नावर चीन आणि अमेरिका परस्परांकडे संशयाने पाहत राहिले. अशा काळात तिसरे महायुद्ध होणार काय, हा प्रश्न चहाच्या टपरीपासून विद्यापीठापर्यंत विचारला गेला. तो विचारणाऱ्याला हसण्याचे कारण नाही. इतिहासाला नेमके काय विचारावे आणि कोणत्या उत्तराची त्याच्याकडून अपेक्षा धरू नये, एवढेच मात्र आधी ठरवून घेतले पाहिजे.

हार्वर्ड विद्यापीठाचे ग्रॅहम ॲलिसन यांचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ या बाबतीत फार गाजला. चढत्या सत्तेने प्रस्थापित सत्तेला आव्हान दिल्याचे गेल्या पाचशे वर्षांतील सोळा प्रसंग त्यांनी मांडले. त्यांपैकी बारांचा शेवट युद्धात झाला, असे दाखविले आणि अमेरिका व चीन यांना सावध केले. ॲलिसन यांनी स्वतः युद्ध अटळ असल्याचे म्हटलेले नाही. परंतु वर्तमानपत्रांनी सोळांपैकी बारा म्हणजे शेकडा पंचाहत्तर असा सोपा हिशेब करून टाकला. पाचशे वर्षांतून सोळाच प्रसंग का निवडले, हा या हिशेबावरचा पहिला आक्षेप. त्याहून मोठा आक्षेप असा की, या मोजणीत राजधान्या आहेत, आरमारे आहेत, परंतु ज्यांच्या जमिनीवरून, कापसावरून आणि घामावरून ही चढाओढ चालली त्या मुलखांना स्वतंत्र स्थान नाही. त्या सोळांत नागपूर नाही. आणि नागपूर वगळून मांडलेला जगाचा इतिहास नागपूरच्या कार्यकर्त्याला कितपत उपयोगी पडणार?

तेव्हा येथूनच आरंभ करणे बरे. १७८० च्या सुमारास नाना फडणीसांनी इंग्रजांविरुद्ध एक मोठा व्यूह रचला होता. पुणे, हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले या चौघांनी चारी बाजूंनी एकाच वेळी उठावे, अशी ती योजना होती. बंगालवर चालून जाण्याचे काम नागपूरकरांकडे होते. नानांचे अनुमान पोथीतून आलेले नव्हते. बंगालमध्ये, अर्काटमध्ये आणि अयोध्येच्या नबाबाच्या दरबारात कंपनीने काय केले ते त्यांच्या डोळ्यांपुढे होते: आधी वखार, मग मदतीची फौज, मग त्या फौजेचा खर्च आणि शेवटी मुलूख. हाच क्रम उद्या आपल्याकडे येणार, हे त्यांनी ओळखले होते. मुधोजी भोसल्यांचे चिरंजीव चिमणाजी सैन्यासह कटकपर्यंत गेलेही. पण पुण्याशी जुने हेवेदावे होते, फौजेच्या पगाराची विवंचना होती, आणि वॉरन हेस्टिंग्जपाशी रोकड होती. लाखो रुपये घेऊन नागपूरची स्वारी थांबली. इतकेच नव्हे, तर मद्रासकडे निघालेल्या इंग्रजी पलटणीला ओरिसातून वाटही मिळाली.

पुढे १८०३ साली आडगावच्या लढाईत दुसरे रघुजी भोसले हरले आणि देवगावच्या तहाने त्यांनी जे गमावले त्यात पहिले नाव कटकचेच होते. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही त्याच तहाने गेला. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर उरलेल्या सामर्थ्याचा निकाल लागला. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि पुढल्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. नानांचे भाकीत नागपूरच्या दरबारास माहीत नव्हते असे नाही. ते खरे मानणे दरबाराला त्या वर्षी परवडणारे नव्हते. भविष्य न दिसल्यामुळे जेवढी राज्ये बुडाली, त्यांहून अधिक राज्ये ते दिसूनही आजच्या रोकडीचा मोह न सुटल्यामुळे बुडाली असावीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील आपल्या भाषणात नेमका हाच धागा उचलला होता. सिंधच्या दाहिराचे सेनापती, घोरीला बोलावणारा जयचंद, शिवाजी महाराज लढत असताना मोगलांच्या बाजूने उभे राहिलेले सरदार, अशी उदाहरणे एकामागून एक देऊन त्यांनी सभागृहाला विचारले की, स्वातंत्र्य आपल्याच माणसांच्या फितुरीने पूर्वी गेले, तसे पुन्हा जाईल काय? पुन्हा जाईलच, असे त्यांनी सांगितले नाही. पक्षाने आपला पंथ देशाहून मोठा मानला तर जाईल, अशी त्यांची मांडणी होती. ‘तर’ या एका अक्षरात ज्योतिष आणि इतिहास यांतला फरक आहे. ज्योतिषी अट सांगत नाही.

आता मुख्य विषयाकडे. जगातील उलथापालथ विदर्भाच्या दारात कशी येते, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण कापसाचे आहे, आणि त्यात भाकितांचा एक पूर्ण बाजारच पाहावयास मिळतो.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेची राज्ये फुटून निघाली होती आणि त्यांच्या पुढाऱ्यांपाशी भविष्याचा पक्का हिशेब तयार होता. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी चार पंचमांशाच्या आसपास कापूस त्यांच्या मळ्यांतून जात असे. कापूस थांबला की लँकेशायर थांबेल, लँकेशायर थांबले की ब्रिटनचे आरमार दक्षिणेच्या मदतीला येईल. साउथ कॅरोलिनाचे सिनेटर जेम्स हॅमंड यांनी १८५८ सालीच सिनेटमध्ये कापसाला राजपद बहाल करून टाकले होते. हे लोक अडाणी नव्हते. त्यांचे आकडे खरे होते आणि अर्ध्या शतकाचा व्यापारी इतिहास त्यांच्या बाजूला होता. ब्रिटनला लवकर जाग यावी म्हणून १८६१ साली कित्येक मळेवाल्यांनी आपण होऊन कापूस रोखून धरला. तिकडे लिंकनच्या आरमाराने बंदरांची नाकेबंदी केलीच होती.

ब्रिटन आले नाही. आधीच्या दोन वर्षांचे पीक उदंड आल्यामुळे ब्रिटनची गोदामे भरलेली होती, ही एक गोष्ट. ब्रिटनला उत्तरेच्या गव्हाचीही गरज होती, ही दुसरी. परंतु मळेवाल्यांच्या हिशेबात मुळीच नसलेली गोष्ट तिसरी होती. १८६२ च्या अखेरीस लँकेशायर व आसपासच्या भागात सुमारे पाच लाख माणसे मदतीच्या अन्नावर जगत होती. याच उपासमारीच्या हिवाळ्यात, ३१ डिसेंबर १८६२ रोजी, मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली आणि तिने लिंकनला पाठिंब्याचे पत्र पाठविले. गुलामांच्या कापसावर आमची चूल पेटणार नसेल तर न पेटो, असा त्या सभेचा आशय होता. सारेच कामगार या मताचे नव्हते; काही गावांत दक्षिणेविषयी सहानुभूतीही होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही उपाशी माणूस भाकरीच्याच बाजूने जाणार, हे जे गृहीत धरले गेले होते ते खोटे ठरले. लिंकनने जानेवारी १८६३ मध्ये त्या पत्राला उत्तर दिले.

याच काळात इकडे काय चालले होते? मुंबईत कापसाचा भाव चढत होता आणि ब्रिटनला जाणाऱ्या कापसात भारताचा वाटा सर्वांत मोठा झाला होता. वर्धेच्या खोऱ्यातील हिंगणघाटचा कापूस आधीपासूनच नावाजलेला होता. आता त्याची मागणी अपार वाढली. रेल्वे मात्र अजून आलेली नव्हती. बंड्यांवर लादलेला कापूस आठवडेच्या आठवडे रस्त्यावर असे. धूळ आणि पाऊस खात तो बंदराकडे जाई. रेल्वेचा रूळ नागपुरास पोहोचला १८६७ साली. लढाई १८६५ च्या एप्रिलमध्ये संपली होती. ज्या तेजीसाठी रूळ घाईने टाकले जात होते, ती तेजी गाडी येण्यापूर्वीच निघून गेली होती.

मुंबईत तेजीचा पैसा शेअरबाजारात शिरला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे भाग जमीन दिसण्याआधीच पाचपाच, दहादहा पटींनी विकले गेले. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बँका कर्ज देत. लीच्या शरणागतीची बातमी आली आणि १ जुलै १८६५ रोजी, वायद्यांच्या फेडीच्या दिवशी, हा सारा मनोरा कोसळला. पाठोपाठ बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. त्या वेळी जमशेटजी टाटा नावाचा एक तरुण व्यापारी लंडनमध्ये होता. त्याच्यापाशी असलेल्या हुंड्या व रोखे एका रात्रीत कागद झाले. त्याच्या घराण्याची पेढी सावरली ती पुढे १८६७-६८ साली इंग्रजांनी ॲबिसिनियावर केलेल्या स्वारीच्या रसदीच्या मक्त्यातून. एका लढाईने बुडविले, दुसरीने तारले. व्यापाऱ्याला दुसरी लढाई मिळते. कुणब्याला ती मिळत नाही.

सरकारच्या भाकिताचा मासलाही पाहण्याजोगा आहे. १८६७ नंतर पुणे जिल्ह्यातील इंदापूर व शेजारच्या तालुक्यांत जमिनीच्या साऱ्याची फेरआकारणी झाली. तेजीच्या वर्षांतील भाव डोळ्यांपुढे ठेवून सारा भरमसाट वाढविण्यात आला आणि तो तीस वर्षांसाठी. म्हणजे पाच वर्षांचा इतिहास घेऊन पुढील तीस वर्षांवर सरळ रेघ ओढली गेली. हा मुलूख खऱ्या अर्थाने कापसाचा नव्हे, परंतु तेजीने धान्यापासून मजुरीपर्यंत सर्वांचेच भाव चढविले होते, आणि तेजी गेल्यावर सावकाराने हात आखडता घेतला होता. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठली आणि कर्जरोखे जाळले. पुणे व नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाला कारणे शोधताना अमेरिकेच्या युद्धापर्यंत मागे जावे लागले. सुप्याच्या शेतकऱ्याने लिंकनचे नाव ऐकलेही नसेल. त्याच्या रोख्यावरचा आकडा मात्र लिंकनच्या लढाईतून आला होता.

आता प्रश्न असा: १८६२ साली नागपुरात बसलेल्या एखाद्या शहाण्या माणसाला काय सांगता आले असते? युद्ध कधी संपेल, कोण जिंकेल, हे त्याला सांगता आले नसते. वॉशिंग्टनलाही ते ठाऊक नव्हते. परंतु तीन गोष्टी त्याला नक्की सांगता आल्या असत्या. लँकेशायरचे विणकर आपल्या आखूड धाग्याच्या ‘सुरती’ कापसाला कंटाळलेले आहेत, तो तुटतो म्हणून शिव्या देतात आणि केवळ नाइलाजाने वापरतात; म्हणजे ही मागणी नाइलाजाची आहे आणि नाइलाज संपला की ती संपेल, ही पहिली गोष्ट. पेरणीच्या आधीच ज्याने उचल दिली आहे त्याच्या हाती चढा भाव जाईल, पिकविणाऱ्याच्या नव्हे, ही दुसरी. आणि तेजीत वाढलेला सारा मंदीत कमी होणार नाही, ही तिसरी. यांपैकी एकाही गोष्टीसाठी दिव्यदृष्टीची गरज नव्हती. पाऊस कधी पडेल हे जमिनीकडे पाहून सांगता येत नाही. पडला तर पाणी कोणाच्या घरात शिरेल, हे मात्र तिचा उतार पाहून सांगता येते. इतिहासाला तारीख विचारू नये, उतार विचारावा, असे म्हणावयाचे ते याच अर्थाने.

हा उतार एकट्या भारताचा नव्हता. युद्धानंतर अमेरिकेतील गुलाम कायद्याने मुक्त झाला. परंतु जमीन मिळाली नाही, म्हणून मळेवाल्याची जमीन वाट्याने करू लागला आणि पुढच्या हंगामाच्या पिकावर दुकानदाराकडून उधार घेऊ लागला. मिसिसिपीचा हा माणूस आणि वऱ्हाडचा कुणबी यांनी एकमेकांना कधी पाहिले नाही. पण १८७० नंतर दोघेही लिव्हरपूलच्या एकाच भावाला बांधले गेले. त्याच वर्षी व्हाइसरॉय मेयो यांच्या उपस्थितीत खामगावची रेल्वे सुरू झाली. सुएझचा कालवा आदल्याच वर्षी खुला झाला होता आणि तारायंत्राने लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडच्या बाजारात येऊ लागला. अंतर संपले. ज्वारीचे शेत कापसाखाली गेलेल्या या मुलखाला शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत या जवळिकीची किंमत कळली.

भविष्यकथनाची चर्चा मार्क्सचे नाव घेतल्याशिवाय पुरी होत नाही. १८५३ साली, मुंबई-ठाणे गाडी धावून चार महिनेही झाले नव्हते तेव्हा, त्याने न्यूयॉर्कच्या एका दैनिकात लिहिले की, रेल्वे ही भारतातील आधुनिक उद्योगाची अग्रदूत ठरेल आणि तिच्यातून उभा राहणारा उद्योग जातींचा आधार असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढील. नागपूर हे या भाकिताचे जणू प्रयोगस्थळच. रेल्वे आली १८६७ साली आणि १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञीपद जाहीर झाले त्या दिवशी, जमशेटजींची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. कापूस जवळ, रेल्वे जवळ, बाजारपेठ जवळ. त्याच वर्षी तेथे मजुरीच्या दरावरून संपही झाला. भारतातील अगदी पहिल्या गिरणी संपांत त्याची गणना होते. भाकिताचा पहिला भाग असा खरा ठरला.

दुसरा भाग ठरला नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खाते बंद होते, कारण धोट्यातील तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याला विटाळ होई. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे टाकला तेव्हा अनेकांना तो गैरसोयीचा वाटला. यंत्र आले आणि जात यंत्राच्या खात्यांत वाटून बसली. मार्क्सची चूक येथे उघड आहे. परंतु त्याच लेखात त्याने आणखी एक वाक्य लिहिले होते, ज्याची आठवण सहसा दिली जात नाही: ब्रिटनमधील कामगारवर्ग सत्तेवर येत नाही किंवा भारतीय स्वतः परकी जोखड झुगारून देत नाहीत, तोवर या नव्या उद्योगाचे फळ भारतीयांच्या पदरात पडणार नाही, असा त्याचा आशय होता. त्याचे जे भाकीत अटीसह होते ते टिकले. यंत्रावर विसंबून केलेले कोसळले. एम्प्रेस मिल तर आज राहिलीच नाही. १९८६ साली ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि नव्या शतकाच्या आरंभी कायमची बंद झाली. शेजारचा जुम्मा तलाव आहे, तो आता गांधीसागर म्हणून ओळखला जातो.

समाजवादी चळवळीनेही आपला हिशेब तपासावयास हरकत नाही. भांडवलशाहीचे अखेरचे संकट आले, असे या चळवळीच्या व्यासपीठांवरून किती वेळा जाहीर झाले, ते मोजणे अवघड आहे. प्रत्येक वेळी भांडवलशाहीने कात टाकली. उलट सोव्हिएत युनियन कोसळेल, असे म्हणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांतील फ्रान्सचे इमॅन्युएल टॉड यांनी १९७६ साली हे लिहिले, आणि त्यांचा आधार फार बोलका होता. बाकीचे पंडित क्षेपणास्त्रे मोजत होते. टॉड यांनी अर्भकमृत्यूचे आकडे पाहिले. जे प्रमाण सुधारलेल्या देशात घटावयास हवे ते तेथे वाढू लागले होते. १९९१ च्या डिसेंबरात ते राज्य विसर्जित झाले तेव्हा क्षेपणास्त्रे जागच्या जागीच होती.

राममनोहर लोहियांनी ‘इतिहासचक्र’ या ग्रंथात सत्ता आणि समृद्धी एका प्रदेशात स्थिर राहत नाही, ती फिरत राहते, असा सिद्धान्त मांडला. त्या सिद्धान्तावर वाद होऊ शकतो. पण तिबेटविषयी त्यांनी १९५० च्या आसपास दिलेला इशारा त्या चक्रातून निघालेला नव्हता. हिमालयातील माणसे कोण आहेत, त्यांची भाषा व व्यवहार कोणाशी आहे, दिल्लीला त्यांची आठवण किती येते, या साध्या चौकशीतून तो निघाला होता. म्हणूनच त्यांनी केवळ धोक्याची घंटा वाजविली नाही, हिमालयाविषयी एक धोरण मागितले. १९५४ च्या पंचशील करारानंतर हा सूर कर्कश मानला गेला. १९६२ नंतर त्याची आठवण काढण्यात कोणालाच आनंद नव्हता. नागपूरला मात्र त्या युद्धाने एक कारखाना दिला. अंबाझरीचा आयुधनिर्माणी कारखाना त्यानंतरच्या शस्त्रसज्जतेतून उभा राहिला. आज नागपूर परिसर दारूगोळा व स्फोटकांच्या उत्पादनाचे मोठे केंद्र आहे. जगात लढाया वाढल्या की येथे मागणी वाढते आणि शहर त्याला प्रगती म्हणते. डिसेंबर २०२३ मध्ये बाजारगाव येथील स्फोटकांच्या कारखान्यात नऊ कामगार ठार झाले, त्यांत स्त्रियाही होत्या. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याजवळच्या आयुधनिर्माणीत आठ कामगार गेले. या मृत्यूंचा संबंध थेट कोणत्या परकी लढाईशी जोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण मागणीचा ताण शेवटी कोणत्या खोलीत आणि कोणाच्या हातांवर उतरतो, हे कामगार संघटनांनी विचारले पाहिजे.

आणि आता १८६१ शी ताडून पाहता येईल असा अलीकडचा प्रसंग. युक्रेनच्या युद्धानंतर युरोपने रशियाचे तेल घेणे कमी केले, ते स्वस्त झाले आणि भारतातील तेलशुद्धीकरण कंपन्यांनी ते मोठ्या प्रमाणावर खरेदी केले. या खरेदीचे कारण पुढे करून अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर आणखी २५ टक्के आयातशुल्क लादले; आधीचे धरून ते ५० टक्के झाले. तिरुप्पूरपासून सुरतपर्यंतच्या कापड निर्यातदारांत घबराट पसरली. गिरण्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरील ११ टक्के आयातशुल्क उठविले. मुदत प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत होती, ती नंतर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविण्यात आली. विदर्भात वेचणी सुरू होते ऑक्टोबरात. जो महिना शेतकऱ्याच्या विक्रीचा, तोच परदेशी कापसाला दार उघडे असण्याचा. त्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला होता. खुल्या बाजारात त्याहून खाली भाव मिळत असल्याच्या तक्रारी विदर्भभर होत्या.

डोनेत्स्कच्या खंदकापासून पांढरकवड्याच्या शेतापर्यंत हा चार पायऱ्यांचा जिना आहे: लढाई, तेल, शुल्क, कापूस. तेल विकत घेऊन नफा झाला तो तेल कंपन्यांना. शिक्षा झाली ती निर्यातदाराला. दिलासा मिळाला तो गिरणीला. आणि त्या दिलाशाची किंमत ज्याने दिली, त्याने रशियाचे तेल घेतलेले नाही आणि अमेरिकेला कपडेही विकलेले नाहीत. २०२२ साली कोणालाही ही तारीख सांगता आली नसती. पण भार वरून सुटला की तो या पायऱ्यांनी खाली येतो, हे १८६५ पासून माहीत आहे.

याला आवर घालण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. महाराष्ट्रात १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली ती याच अनुभवातून. तिची कमजोरीही लपविण्याचे कारण नाही: राज्याबाहेर भाव चढला की कापूस रातोरात सीमा ओलांडे, आणि पडला की सारा योजनेच्या केंद्रांवर येई. एका राज्याने बांध घातला आणि बाकीची जमीन उघडी राहिली. जागतिक पातळीवर तर बलवानाला नियम लागू होत नाहीत असेच दिसले. अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत जिंकला; अखेर २०१४ साली अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या संस्थेला ३० कोटी डॉलर देऊन तंटा मिटविला. खटला न लढणाऱ्या विदर्भाच्या वाट्याला त्यातून काहीच आले नाही.

तिसरे महायुद्ध होईल काय, याचे उत्तर येथे मिळणार नाही. परंतु पुढचा धक्का कोठूनही आला, तैवानच्या समुद्रातून, इराणच्या आखातातून किंवा वॉशिंग्टनच्या एखाद्या आदेशातून, तर तो कोणत्या वाटेने येईल, याची नोंद आताच करता येते. चीनने २०२१ पासून खतांच्या निर्यातीवर वेळोवेळी निर्बंध घातले. त्या त्या हंगामात डीएपीचे पोते आपल्या तालुक्यात कोणत्या भावाने आणि किती दिवस उशिरा मिळाले? कापसाचे आयातशुल्क उठल्यानंतर दर आठवड्याला हिंगणघाट, वणी, अकोट येथे भाव कसा हलला? उचल कोणी दिली, किती टक्क्यांनी दिली, आणि हमीभावाची खरेदी केंद्रे नेमकी कोणत्या तारखेला उघडली? बाजार समितीच्या नोंदवहीत यांतले बरेचसे सापडते, उरलेले शेतकऱ्याच्या घरी बसल्यावर कळते. सुप्याच्या शेतकऱ्यांची अशी चौकशी झाली ती रोखे जळून गेल्यानंतर, आणि ती केली सरकारी अधिकाऱ्यांनी. हिंगणघाटची वही या हंगामाच्या पहिल्या बंडीपासून आपल्या कार्यकर्त्यांना लिहिता येईल.